रव्याएवढे ठिपके

काच पुसून पुसून मनगट दुखायला लागलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की डाग काचेवर नाहीतच.

तोवर मी एक जुना बनियन ओला करून, मग कोरडा करून, मग त्याला चष्मा पुसायचं पाणी लावून टँकची पुढची काच लख्ख केली होती. मागे आई खाटेवर बसून मेथी निवडत होती. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "कवयपासून तीच काच घासी राहिना तू?"

"डाग जात नाहीयेत गं."

"डाग हाली राहिना," आई म्हणाली.

खरंच हलत होते. काचेवरचे डाग जागा सोडत नाहीत, एवढं शास्त्र मलाही येतं. मी नाक काचेला लावलं. आमची नारिंगी मासोळी, जिला घरात सगळे 'मोठी' म्हणतात, समोर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या शेपटीवर आणि पाठीच्या परावर पांढरे ठिपके होते. रव्याचे दाणे चिकटावेत तसे. मी मनात म्हटलं, काल खाणं जरा जास्त पडलं असेल, तेच चिकटलं. एखाद्या गोष्टीची भीती वाटायला लागायच्या आधी माझं डोकं अशी बरीच सोयीची कारणं शोधून देतं.

हा टँक माझा नाही, बायकोचा आहे. जळगावसारख्या गावात, जिथे समुद्र बघायचा तर एक रात्र प्रवास करावा लागतो, तिथे आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक आहे, हे पाहुण्यांना आधी पटत नाही. मग त्यातले एक-दोघे तरी बोट बुडवून चाटून बघतात. बायको घरी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला आणि घर एकदम ऐसपैस झालं, तेव्हा तिनं हे सुरू केलं. फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं मीठ कालवून ती बादलीत समुद्र तयार करते. दुर्बिणीसारखं एक छोटं यंत्र डोळ्याला लावून खारेपणा बघते. टँकमध्ये थोडे प्रवाळ, एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणीच, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणि क्लाऊन माशांची जोडी. मोठी म्हणजे मादी, आणि धाकला तिचा नवरा. धाकला सदैव तिच्या मागे, दोन बोटं अंतर ठेवून. त्याच्याशी माझं चांगलं पटतं.

तर त्या दिवसांत बायको धुळ्याला होती. तिचे वडील, आमचे नाना, मोरीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलगी म्हणून तीच एक, त्यामुळे ती दवाखान्यात मुक्कामाला. जाताना तिनं मला खाणं किती टाकायचं, पाणी किती वाढवायचं हे सगळं दाखवलं आणि म्हणाली, "बाकी काही करू नका. तुम्ही काही केलं नाहीत तर सगळं नीट राहील."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आलोय. त्यामुळे त्याच्याकडे जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलं नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी तिला डबा आणि कपडे द्यायला धुळ्याला गेलो होतो. ती थकलेली दिसत होती. नानांना ताप होता. मी निघालो तेव्हा ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा. मला जरा मोठी दाखवा. तेवढंच डोळ्यांना बरं वाटतं." स्टँडकडे येताना एक माशांचं दुकान दिसलं. बहुतेक सगळे गोड्या पाण्यातले, पण कोपऱ्यात एका टाकीत एक निळा मासा होता. असा निळा, की त्याच्यापुढे आकाश धुवायला टाकलेलं वाटावं. मला वाटलं, संध्याकाळी कॉलवर हिला हा दिसला तर केवढी खूश होईल.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "साहेब, घरी गेल्यावर काही दिवस वेगळा ठेवा बरं."

"ठेवतो ना," मी म्हणालो.

थर्माकोलच्या खोक्यात पिशवी, पिशवीत मासा, आणि खोकं मांडीवर घेऊन मी जळगावच्या एस.टी.त बसलो. शेजारी पारोळ्याला उतरणारे एक आबा होते. त्यांनी झाकण उचलून आत बघितलं.

"जित्ता शे?"

"हो आबा. पाळायचा आहे."

"खावाना नही?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू मी गाय विकत घेऊन तिचं दूध काढणार नाही असं म्हणालो होतो. मग पारोळा येईपर्यंत ते दर थोड्या वेळानं झाकण उचलून "शे, जित्ता शे" असं आख्ख्या बसला सांगत राहिले.

आता वेगळं ठेवायचं म्हणजे काय, तर बायकोनं त्यासाठी मागच्या खोलीत एक छोटी काचेची टाकी ठेवली आहे. नवीन येईल त्याने आधी तिथे महिना-दीड महिना राहायचं, निरोगी आहे असं दिसलं की मगच मोठ्या टँकमध्ये. मला हे कधी पटलं नव्हतं. आपण नव्या सुनेला महिनाभर मागच्या पडवीत बसवतो का? त्यात ती टाकी रिकामी असल्यामुळे आईनं तिच्यात यंदाचे ज्वारीचे बिबडे भरून ठेवले होते. बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले उन्हाळ्यात वाळवून ठेवायचे पापड, आणि आईचे बिबडे हलवणं म्हणजे सीमेवरचं सैन्य हलवण्यासारखं आहे. मी निळ्याला सरळ मोठ्या टँकमध्ये सोडला. त्याच संध्याकाळी कॉल केला, पण नानांचा ताप वाढलेला, ती घाईत होती, आणि पुढचे बरेच दिवस कॉल झाला तो नुसता आवाजाचा. सरप्राइज राहून गेलं.

ज्या दिवशी मी काच पुसली, त्याच संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"नाना आज बसले पाच मिनिटं," ती म्हणाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. "दाखवा जरा मोठीला."

मी फोन टँककडे फिरवला.

"थांबा. मागे घ्या. तो निळा कोण?"

"कोणता निळा?"

"अहो, तिथे एकच निळा आहे."

"तो होय! तो तुझ्यासाठी. सरप्राइज."

ती भिंतीचा टेकू सोडून सरळ उभी राहिली.

"वेगळा ठेवला होतात?"

"कुठे ठेवणार? त्या टाकीत आईचे बिबडे आहेत."

"फोन मोठीजवळ न्या. अजून जवळ. आता तिच्या कल्ल्यांकडे बघा. कसे चालतायत?"

जोरात चालत होते. धावत जिना चढून आलेल्या माणसासारखे. मी बघता बघता माझाही श्वास तसाच चालायला लागला.

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. ती शिकवणीतल्या मुलांना समजावते त्या आवाजात बोलायला लागली, आणि त्या आवाजानं मला खरी भीती वाटली. ती म्हणाली, "ते ठिपके म्हणजे किडे आहेत. कातडीत शिरून मासा खातात. पोट भरलं की गळून खाली वाळूत पडतात, अंगाभोवती कवच करून बसतात, आणि त्या एकेकातून शेकडो पिल्लं निघतात. ती परत मासा शोधत फिरतात. कल्ल्यांमध्ये फार झाली की मासा गुदमरतो. म्हणून उद्या ठिपके दिसले नाहीत तर आनंदानं नाचू नका. ठिपके गेले म्हणजे खाली वाळूत पुढची पलटण तयार होतेय."

"मग आता?"

"तिघांनाही बाहेर काढा. छोट्या टाकीत, नवीन पाण्यात. कोळंबी आणि फूल तिथेच राहू द्या, त्यांना हा रोग होत नाही. औषधाचं मी बघते, डॉक्टर राउंडला आलेत." आणि फोन बंद.

बिबडे आईच्या पलंगावर चादर अंथरून त्यावर गेले. आई त्यांच्या शेजारी जाऊन पहाऱ्याला बसली. मग मी बाह्या वर करून जाळी घेतली. टँकमध्ये मासा पकडणं हे बघायला सोपं आहे. निळा दगडामागे गेला. धाकला मोठीच्या मागे गेला. मोठी समुद्रफुलात जाऊन बसली आणि मी हात जवळ नेला तसा तिनं मला कडकडून चावा घेतला. बोटाएवढी मासोळी, पण बायकोच्या हाताखाली तयार झालेली. माझा सदरा भिजला, लेंगा भिजला, हॉलमध्ये खारं तळं झालं. आई दारातून म्हणाली, "एकदम हात नको घालू रे. आस्ते. तीबी घाबरेल शे." ती घाबरलेली आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी घाबरलेला होतो, तेवढंच मला ठाऊक होतं. मग मी हात पाण्यात नुसता धरून ठेवला, हलवलाच नाही, आणि बऱ्याच वेळानं मोठी आपणहून जाळीजवळ आली.

तिघं छोट्या टाकीत गेले. मग मी धुळ्याच्या त्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, यावर तांब्याचं औषध येतं, पण त्याच्याकडे नाही, नाशिकहून मागवावं लागेल, दोन-तीन दिवस लागतील.

दोन-तीन दिवस! मोठी टाकीच्या कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून उभी होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तांबं? तांबं तर घरात आहे! आमच्या स्वयंपाकघरात आईचा तांब्याचा हंडा आहे, तिच्या लग्नातला. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी सगळ्यांनी प्यायचं, हा आमच्या घरचा नेम. त्या पाण्यानं पित्त जातं, सांधे सुटतात, असं आई म्हणते. माणसाला चालतं तर माशाला का नाही? आई झोपायला गेल्यावर मी हंडा रिकामा केला आणि त्यात काठोकाठ मिठाचं पाणी भरून ठेवलं. एवढा आत्मविश्वास मला बोहल्यावरही नव्हता.

सकाळी हंड्यातलं पाणी निळसर हिरवं झालं होतं. आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर, हिरवट कड उमटली होती. खोटं कशाला सांगू, ते बघून मला आनंदच झाला. औषध उतरलं होतं! मी हंडा उचलून मागच्या खोलीत नेत होतो, तेवढ्यात आई समोर आली. तिनं आत बघितलं.

"मना हंडा!" आई म्हणाली. मग थोडं थांबून, "काय करं रे तू हाई?"

"औषध आहे, आई. माशांचं."

"हाई औषध? चिंच लाईसन घास आते. दिनभर घास. आणि आधी तिले फोन कर."

त्या वेळी मी आईवर वैतागलो होतो. पण फोन केला. हंडा कमरेवर धरूनच.

"काय?" बायको म्हणाली.

मी सांगितलं.

"त्यात मासे सोडलेत?" तिचा आवाज एकदम चिरकला. इतक्या वर्षांत मी तो असा ऐकला नव्हता.

"नाही. आता सोडणार होतो."

"सोडू नका! हंडा खाली ठेवा. ठेवला?"

"ठेवला."

"अहो, तांब्यानं किडा मरतो, पण जरा जास्त झालं की मासाही मरतो. ते थेंब थेंब मोजून द्यायचं असतं, रोज पाणी तपासून. खारं पाणी तांब्याला खातं. तुम्ही रात्रभर विष मुरवत ठेवलंत."

मी हंड्याकडे बघितलं. पाणी अजून तसंच सुंदर हिरवं होतं. मी तिथेच फरशीवर बसलो. आणखी दोन पावलं चाललो असतो तर मी स्वतःच्या हातानं मोठीला त्यात सोडली असती.

"मग नाशिकचं औषध मागवू?" मी विचारलं.

"मोजून द्यायचं औषध, आणि तुमच्या हाती? नको. तुम्हाला जमेल असं काम सांगते. बिऱ्हाड हलवायचं."

आणि तिनं सांगितलं ते असं. कपडे भिजवायचे दोन मोठे टब घ्यायचे. एकात नवीन खारं पाणी करून मासे त्यात ठेवायचे. पोट भरलेले किडे गळून त्या टबाच्या तळाशी पडतात, कवचात जातात. त्यांची पिल्लं बाहेर पडायच्या आत, म्हणजे तिसरा दिवस पुरता व्हायच्या आत, मासे उचलून दुसऱ्या टबात, नव्या पाण्यात न्यायचे. पहिला टब, हवेचा पंप, नळी, सगळं धुऊन गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवायचं. मग परत तिसऱ्या दिवशी पहिल्या टबात. असं काही वेळा केलं की माशाच्या अंगावरून किडे गळत जातात आणि चढायला नवे उरत नाहीत.

"जुन्या पाण्याचा थेंब नव्यात जाता कामा नये," ती म्हणाली. "हात धुतल्याशिवाय एका टबातून दुसऱ्यात घालायचा नाही. पाणी सारखंच खारं, सारखंच कोमट. आणि मनानं काही नाही. कळलं?"

"आणि हंडा?"

"तो आई आणि तुम्ही बघून घ्या."

अशी आमच्या घरात टबांची ये-जा सुरू झाली. मे महिना होता. जळगावचं ऊन म्हणजे काय हे मी जळगावबाहेरच्या माणसाला समजावायच्या भानगडीत पडत नाही. मोठ्या टँकला पाणी गार ठेवायचं यंत्र आहे, टबांना नव्हतं. म्हणून टब बेडरूममध्ये गेला, कारण घरात ए.सी. तेवढाच. मासे ए.सी.त आणि मी हॉलमध्ये कूलरसमोर, ओल्या टॉवेलखाली. पण ज्या उन्हाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, तेच आता कामाला आलं. गच्चीवर पालथा घातलेला टब दुपारपर्यंत असा तापायचा की हात लावता येत नसे. कुठला किडा टिकतोय त्यात?

गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या वहिनींची वाळवणं असत. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या टबाची सावली माझ्या कुरडयांवर पडतेय."

"सरकवतो ना."

"आणि काय हो, परवा निळा होता, आज लाल. तुम्ही टब वाळवताय तरी किती? तळणार आहात का?"

मी हसलो. पण त्या काळात माझं हसणं नुसतं तोंडातल्या तोंडात होतं. ऑफिसात फायलीवर सही करताना मला मोठीचे कल्ले दिसायचे. दुपारी आईला फोन करून विचारायचो, "जिवंत आहेत ना?" आई म्हणायची, "शेत, बठ्ठा जित्ता शेत. तूच काही तरी खाय." एकदा लवकर घरी जायचं म्हणून साहेबांकडे गेलो. "घरात कोण आजारी?" त्यांनी विचारलं. सासरे आजारी आहेतच, त्यांचं नाव घेता आलं असतं. पण तोंडातून "मासा" निघून गेलं. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जा. तुम्हालाच विश्रांतीची गरज आहे."

दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवलं त्या सकाळी निळा टबाच्या तळाशी आडवा पडलेला दिसला. त्याचा रंग गेला होता. मी त्याला वाटीत घेतला आणि बराच वेळ वाटी हातात धरून उभा राहिलो. धुळ्याहून मांडीवर घेऊन आलो होतो त्याला. अख्ख्या बसनं तो जिवंत असल्याची ग्वाही दिली होती. संध्याकाळी बायकोला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं, त्यानंच आणलं होतं सगळं.

"बिचारा," ती म्हणाली. "समुद्रातून काढला, दुकानात ठेवला, मग बस. थकला असेल." मग विचारलं, "मोठी खातेय?"

मोठी खात नव्हती. धाकला दोन-चार दाणे घ्यायचा, मग मोठीकडे बघायचा, मग तोही थांबायचा. मी खाणं पाण्यात भिजवून दिलं, लसणाच्या रसात बुडवून दिलं, कारण बायको म्हणाली वासानं भूक लागते. आईनं लसूण ठेचताना विचारलं, "कांदाबी देऊ का? भाकर?" मोठीनं तोंड फिरवलं. तिच्या अंगावरचे रव्याचे दाणे कमी झाले होते, पण ती बारीक झाली होती, पाठीची धार दिसायला लागली होती. रोज संध्याकाळी मी फोनवर सगळं सांगायचो. कल्ले असे चालले, शेपटी अशी होती, आज वर आली, आज खालीच होती, माझ्या मते डावा डोळा जरा फुगलाय. एकदा असंच कितीतरी वेळ बोलून झाल्यावर मला आठवलं आणि मी विचारलं, "नाना कसे आहेत?"

"आहेत," ती म्हणाली. "तुमचं डोळ्याचं सांगा. दोन्ही डोळे सारखेच फुगलेत का?"

मग ती दुपार आली. रविवार होता म्हणून मी घरी होतो. जेवण झालं आणि वीज गेली. उन्हाळ्यात जाते, तासाभरात येते. हवेचा पंप इन्व्हर्टरवर चालू होता, त्यामुळे मी निवांत होतो. तास गेला. बेडरूम तापायला लागली. मी टबातला थर्मामीटर बघितला. पारा चढत होता. गरम पाण्यात हवा कमी मुरते, आणि मोठीचे कल्ले आधीच किड्यांनी खाल्लेले. ती पाण्याच्या वर तोंड काढून, जवळजवळ आडवी होऊन, हवेचे घोट घेत होती. धाकला पहिल्यांदाच तिच्या मागे नव्हता. तो खाली गोल गोल फिरत होता.

मी फोन लावला. बायको नानांना वॉकर धरून चालवत होती, मागून कुणाचा तरी "हळू, हळू" असा आवाज येत होता.

"बर्फ टाकू?"

"बर्फ थेट नाही! पाण्याचा खारेपणा कमी होईल. बाटल्यांत गोठवलेलं पाणी आहे ना? झाकण घट्ट करून बाटली टबात तरंगत ठेवा. एकच. एकदम थंड करू नका, हळूहळू. नाना, थांबा, टेका इथे."

आमच्या फ्रीजमध्ये गोठलेल्या दोनच बाटल्या होत्या. त्या बघता बघता वितळल्या. मी जिना चढून वहिनींकडे गेलो. त्यांनी फ्रीज उघडून सगळ्या बाटल्या माझ्या हातात दिल्या. वर कुल्फीचे साचेही काढले. "हे चालतील का हो?" मी म्हटलं कुल्फी राहू द्या. मग त्या स्वतःच खाली आल्या आणि पदर खोचून टबाशी बसल्या. आई वर्तमानपत्रानं पाण्यावर वारा घालत होती. मी थर्मामीटरला डोळा लावून. फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवलेला, आणि त्यातून बायको मधूनच नानांशी, मधूनच आमच्याशी बोलत होती. "पाय उचला नाना. बाटली बदलली का? शाब्बास. अजून एक पाऊल. कल्ले कसे आहेत?" आमच्यापैकी कुणाला शाब्बास म्हणाली ते मी विचारलं नाही.

आई वारा घालता घालता म्हणाली, "दख, दख, ती खाले गई."

खाली गेली म्हणजे संपलं असं मला वाटलं. वाकून बघितलं तर मोठी तळाशी सरळ उभी होती. शेपटी हलत होती. धाकला हळूच आला आणि तिच्या मागे, दोन बोटांवर, थांबला. पारा उतरला होता. वीज आली ती चहाच्या वेळेला, आणि वहिनींनी आमच्याकडेच चहा घेतला.

त्यानंतर पुढचं बिऱ्हाड हलवलं, आणि एका सकाळी मी सवयीनं खाणं टाकून वळलो, तर मागून पाण्यात टपकन आवाज आला. मोठीनं दाणा वरूनच झडप घालून घेतला होता. मी आईला हाका मारल्या. आईनं येऊन बघितलं आणि म्हणाली, "खाई राहिनी! मंग आते तूबी खाय."

ठिपके गेले होते. मी त्याच दिवशी त्यांना मोठ्या टँकमध्ये परत नेणार होतो. समुद्रफूल एकटंच डुलत होतं, मला बघवत नव्हतं. बायको म्हणाली, "खबरदार. खाली वाळूत ते अजून बसलेत, वाट बघत. मासाच मिळाला नाही तर उपाशी मरतील. त्याला बरेच आठवडे लागतात. तोवर टँक रिकामा, आणि हे दोघं वेगळे." म्हणजे ज्या टाकीत निळ्याला महिनाभर ठेवणं मला अन्याय वाटत होता, तिच्यात आता घरच्या दोघांना त्याहून जास्त दिवस काढायचे होते. टाकी घासून, उन्हात वाळवून बेडरूममध्ये आली. हॉलमधला मोठा टँक दिवे लागलेला, पाणी फिरतंय, कोळंबी दगडावर बसलीय, आणि मासा एकही नाही. येणारे जाणारे विचारायचे. मी म्हणायचो, वाळू उपास करतेय.

बायको आली तेव्हा नाना वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायला लागले होते. तिनं पिशवी दारात ठेवली, हातपाय धुतले आणि सरळ बेडरूममध्ये गेली. मी मागे, दोन बोटं अंतर ठेवून. मोठी तिला बघून काचेपाशी आली आणि वर-खाली नाचायला लागली. माझ्यासाठी इतक्या आठवड्यांत ती एकदाही नाचली नव्हती. बायको टाकीसमोर जमिनीवर बसली. कल्ले बघितले. शेपटी बघितली. पाठीवरून नजर फिरवली. मी दाराला टेकून, आता निळ्याचं निघणार, हंड्याचं निघणार, म्हणून वाट बघत राहिलो.

ते काही निघालं नाही. जेवणं झाली. आई झोपली होती, आम्ही दोघं भांडी आवरत होतो, तेव्हा ती म्हणाली, "सुरुवातीचे दिवस नानांचा ताप उतरत नव्हता ना, तेव्हापासून मनात भीती बसली होती, पुढे नाना बसायला लागले तरी जाईना. कुणाला सांगणार? माझी म्हातारी आई समोर, नाना समोर. संध्याकाळी तुमचा फोन यायचा. तुमचा तो आवाज, कल्ले असे नि डोळा तसा. मला वाटायचं, चला, माझ्याहून जास्त घाबरलेलं कुणीतरी आहे. मग मला रात्री झोप लागायची."

आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन म्हणाली, "एकदाच सांगते, परत सांगणार नाही. मोठी गेली असती ना, तरी संध्याकाळचा तुमचा फोन मी उचलला असता."